नमुना आधी की गाडी आधी? – छत कापलेल्या मर्क्युरीच्या निमित्ताने

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, ‘एका मोटारीच्या लहान मॉडेलवर बोलू.’ फोनवर थोडा वेळ शांतता. मग त्यांनी अदबीने विचारलं, ‘म्हणजे सर, अनुकृतीची संकल्पना वगैरे?’ आम्ही म्हटलं, ‘वगैरे येईलच, पण बोलायचंय गाडीवर.’

तर ती गाडी इथे टेबलावर आहे. लांबी एकवीस सेंटिमीटर. मागच्या रांगेतल्या मंडळींना साबणाच्या वडीसारखी दिसत असेल, आणि त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. ही प्रतिकृती पंचविसास एक या प्रमाणाची आहे. तुम्ही दहा मीटरवर बसला असाल, तर खरी गाडी अडीचशे मीटर लांब उभी असावी तेवढी ती तुम्हांला दिसते. अडीचशे मीटरवरून कोण गाडीचं सौंदर्य बघतो? पण हीच गाडी हातात घेऊन एका फुटावरून पाहिली, की खऱ्या गाडीपासून पंचवीस फुटांवर उभं राहिल्यासारखं होतं. आणि तरी पंचवीस फुटांवरून दिसणार नाहीत असे खिळे, सांधे, धूळ, सगळं दिसतं. म्हणजे प्रतिकृती एकाच वेळी आपल्याला लांबही नेते आणि नको इतकी जवळही. हा घोळ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

गाडी कोणती? १९५१ सालची मर्क्युरी; फोर्ड कंपनीची, मधल्या दर्जाची, जरा गोलमटोल. पण कारखान्यातून आली तशी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांना एक वेड लागलं होतं. डेट्रॉइटने केलेली गाडी घ्यायची, तिचं छत कापून बुटकं करायचं, अंग जमिनीलगत आणायचं, दारांच्या मुठी काढून टाकायच्या, पत्र्याचे सांधे वितळलेल्या शिशाने भरून सपाट करायचे. अशा गाडीला ते ‘लेड स्लेड’ म्हणत – शिशाची घसरगाडी म्हणा. या गाड्या म्हणजे ‘कस्टम’. सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे दोघे भाऊ या धंद्यातले मोठे कारागीर. त्यांचं वर्कशॉप लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लिनवुड इथे होतं. १९५२ साली मासातो ऊर्फ बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने आपली जवळजवळ नवी मर्क्युरी त्यांच्याकडे नेऊन दिली. त्यांनी तिचं जे केलं, ते आज ‘हिरोहाता मर्क’ या नावाने ओळखलं जातं. टेबलावर आहे तो आमचा तिचा प्रयत्न. ‘प्रयत्न’ हा शब्द नम्रतेने वापरलेला नाही, का ते कळेलच.

आता एका शब्दाकडे येऊ. ‘मॉडेल’ला मराठीत काय म्हणायचं? प्रतिकृती म्हणावं, तर मूळ वस्तू आधी आणि ही नंतर. प्रतिमान किंवा आदर्श म्हणावं, तर हे आधी आणि वस्तू नंतर. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने हा फरक नीट मांडला: एक ‘कशाचं तरी’ मॉडेल आणि दुसरं ‘कशासाठी तरी’ मॉडेल. आपल्याकडे मात्र एक जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे, आणि तो दोन्ही कामं करतो: नमुना. कापडाच्या दुकानात नमुना आधी बघतो, ठाण नंतर. धान्याचा नमुना पोत्यातून काढतो, म्हणजे पोतं आधी. शिवाय एखादा माणूस ना ह्या साच्यात बसत ना त्या, तेव्हा आपण म्हणतो, ‘काय नमुना आहे!’ कस्टम गाडी या तिसऱ्या अर्थाचा नमुना आहे. तिच्या प्रतिकृतीकडे बघताना पहिले दोन अर्थ एकमेकांत गुंतत जातात.

डेट्रॉइटमध्ये क्रम सरळ होता. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्लने मातीची मॉडेलं करण्याची पद्धत रुळवली. आधी माती, मग पत्रा. त्याच कंपनीची फिशर बॉडी शाखा १९३० ते १९६८ अशी कित्येक वर्षं मुलांसाठी प्रतिकृती बनवण्याची स्पर्धा चालवत होती. सुरुवातीला राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे, पुढे मुलं स्वतःच्या कल्पनेतल्या गाड्यांची मॉडेलं करू लागली. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे, आणि त्यातली काही मुलं मोठेपणी त्याच कारखान्यात गाड्यांची रूपं ठरवायला बसली. लहान आधी, मोठं नंतर. मग याच मिशिगन राज्यात, ट्रॉय गावी, १९४८ साली एएमटी ही कंपनी निघाली. नव्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती करून त्या विक्रेत्यांना पुरवायच्या, हा तिचा पहिला उद्योग, म्हणजे जाहिरातच. १९५८पासून तिने जोडायचे किट आणले. एका डब्यात तीन शक्यता असायच्या: गाडी कारखान्यातल्यासारखी जोडा, शर्यतीची करा, नाहीतर कस्टम करा. आम्हांला हे फार मोलाचं वाटतं. खेळण्याच्या डब्यात ‘मूळ’ ही तीन पर्यायांपैकी फक्त एक वाट होती.

बॅरिस बंधूंचं काम मात्र वेगळं. तिथे मातीचं मॉडेल आधी नाही. आराखड्यापेक्षा डोळ्यावर आणि हातावर भरवसा. गाडीच्याच अंगावर विचार करायचा, आणि चुकलं तर त्याच पत्र्यावर निस्तरायचं. हिरोहाताच्या गाडीचं छत पुढे सुमारे चार इंच आणि मागे सात इंच कापलं. दारामागचा मधला खांब काढून टाकला आणि खिडकीची वरची चौकट वाकवून एकसलग वळण केलं. बाजूला ब्यूक गाडीची चकचकीत पट्टी, मागे लिंकनचे दिवे, पुढची जाळी फोर्डच्या जाळ्यांचे तुकडे जोडून. वर समुद्राच्या फेसासारखा फिकट हिरवा, खाली गडद हिरवा. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या मोटोरामा प्रदर्शनात ती उभी राहिली. दुसऱ्या वर्षी हिरोहाताने तिच्यात कॅडिलॅकचं इंजिन बसवलं आणि ती स्वतः चालवत इंडियानापोलिसपर्यंत नेली.

आमचा या सगळ्याशी संबंध तसा योगायोगाने आला. तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही लेकीकडे मिशिगनला सहा महिने होतो. बाहेर बर्फ, चालायला जाता येत नाही, आणि आमची पुस्तकं पुण्यात. एक दिवस जावईबापूंनी एएमटीचा जुनाच, पुन्हा काढलेला १९४९च्या मर्क्युरीचा किट आणून समोर ठेवला. म्हणाले, ‘बाबा, हे करून बघा, वेळ जाईल.’ वेळ गेला. पाच महिने गेले.

पहिली गाडी आम्ही वाया घालवली, ती कशी ते सांगायला हवं. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचं असतं. ते चिकटवायचा द्रव गोंदासारखा चिकटत नाही. तो दोन्ही कडा थोड्या विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. म्हणजे ते जोडणं नसून एक प्रकारचं वेल्डिंगच आहे. ही गोष्ट कळायला दोन दारं खर्ची पडली. मग अस्तराचा थर न देता आम्ही थेट गाड्यांना मारायचा लॅकर फवारला. पाच मिनिटांत सगळ्या अंगावर बारीक भेगांचं जाळं उठलं, उन्हात वाळलेल्या तळ्यासारखं. लेक म्हणाली, ‘बाबा, असू दे, जुनी दिसते.’ आम्ही ती कचऱ्यात टाकली आणि दुसरा किट मागवला.

दुसऱ्या खेपेला छत कापायला घेतलं. चार इंच भागिले पंचवीस म्हणजे चार मिलिमीटर. मागे सात. कागदावर सोपं. पण गाडीचे पुढचे खांब वर जाताना मागे कललेले असतात आणि मागची काच वर जाताना पुढे कललेली. त्यामुळे मधला तुकडा काढून छत सरळ खाली आणलं, की ते पुढेही अपुरं पडतं आणि मागेही. हे आम्हांला कापल्यावर कळलं. आता दोनच वाटा उरतात: छत आडवं कापून मध्ये पट्टी घालायची, नाहीतर खांब आणि मागची काच आणखी कलती करायची. हिरोहाताच्या गाडीत मागे जास्त कापलंय ते यासाठी. मागची काच झोपवली की छताची रेघ एका दमात डिकीपर्यंत उतरते. शिवाय आमचा किट १९४९चा. १९५१च्या गाडीची मागची मडगार्डं लांबवलेली आणि मागची काच मोठी, म्हणून तिथेही प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पुट्टी. किटच्या पारदर्शक काचा कापायला गेलो तर तडकल्या. शेवटी पातळ ॲसिटेटच्या पत्र्यातून नव्या कापल्या. आमचा उजवा हात आता कापतो. मराठीत हाच शब्द दोन्हीकडे चालतो, याची गंमत त्या दिवसांत फारशी वाटली नाही.

या आठवड्यांत एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तीच आहे. छत अपुरं पडतं ही अडचण काही प्लॅस्टिकची नव्हे. लिनवुडमध्ये खऱ्या पत्र्यावरही नेमकी हीच अडचण होती आणि उपायही हेच होते. म्हणजे आम्ही जे करत होतो ती गाडीची नक्कल राहिली नव्हती. सॅम बॅरिसच्या निर्णयांची ती नक्कल होती. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेला कृतीची अनुकृती म्हटलं, माणसांची नव्हे. आम्ही हे वाक्य पस्तीस वर्षं वर्गात समजावून सांगितलं, मुलांनी परीक्षेत लिहिलं, आम्ही गुण दिले. ‘कृतीची अनुकृती’ म्हणजे काय ते आम्हांला बारीक दात्याच्या करवतीने कळलं.

कारखान्यातल्या गाडीचं मॉडेल आणि कस्टम गाडीचं मॉडेल यांत म्हणूनच फरक करायला हवा. पहिलं वस्तूची अनुकृती करतं. दुसरं प्रामाणिक असेल, तर एका हाताने दुसऱ्याच्या गाडीवर घेतलेल्या निर्णयांची अनुकृती करतं. त्याला टीका म्हणायलाही आमची हरकत नाही. बॅरिसने मर्क्युरीवर केलेली टीका, आणि आम्ही त्या टीकेचं केलेलं वाचन.

इथे थोडं घरचं बोलतो. आमचे थोरले बंधू, दादा, कोल्हापूरला उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं काम करत. अपघातातल्या अँबॅसिडर, फियाट, पुढे जिपा. ठोकून पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायची, पाणी पेपर मारायचा, रंग. आम्ही सुटीत गेलो, की ते एखाद्या मडगार्डापाशी उभं करायचे आणि म्हणायचे, ‘प्रोफेसर, डोळं झाक आन् हात फिरीव. कुठं ठोकलंय सांग.’ आम्हांला कधीच सांगता आलं नाही. आणि एकदा, नुकतीच पीएचडी झाली होती त्या मस्तीत, आम्ही त्यांना म्हणालो, ‘दादा, तू शेवटी कंपनीने केलेलंच परत करतोस. यात नवीन काय?’ ते काही बोलले नाहीत. हात पुसले आणि चहा सांगितला. दादा जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मिशिगनच्या त्या खोलीत छताचा सांधा घासताना डोळ्यांना सपाट दिसत होतं, बोटाला मात्र उंचवटा लागत होता. तेव्हा आम्ही डोळे मिटले. दादाचं काम यशस्वी झालं की दिसेनासं व्हायचं. बॅरिसचं काम दिसावं म्हणूनच केलेलं. पण बॅरिसचं दिसणारं काम ज्याच्यावर उभं आहे, ते सांधे बुजवणं दादाचंच. आम्ही ‘परत करणं’ म्हणालो, त्या परत करण्यात किती ठरवावं लागतं याची आम्हांला कल्पना नव्हती. ही चूक तेव्हा दादांसमोर केली. ती आज तुमच्यासमोर दुरुस्त करतो.

असो. प्रमाणाकडे परत येऊ, कारण तिथेच मॉडेलवाल्यांची खरी परीक्षा होते.

खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर भरतात. मॉडेलवरही फवाऱ्याने रंग मारला की तेवढाच थर बसतो, कारण रंगाला प्रमाण कळत नाही. पण मॉडेलच्या जगात तो अडीच मिलिमीटर झाला. दाराभोवतीची फट त्यात बुजते. म्हणून रंगाआधी त्या फटी मुद्दाम खोल कोराव्या लागतात, म्हणजे मापाने चूक कराव्या लागतात. प्लॅस्टिकची जाडी एक-दीड मिलिमीटर. खऱ्या प्रमाणात ती एक ते दीड इंच, चिलखतच. म्हणून खिडक्यांच्या कडा आतून तासून धारदार कराव्या लागतात, तेव्हा त्या पत्र्यासारख्या भासतात. रंगात चमकीचे कण असतील तर खऱ्या गाडीचे कण इथे खड्यांएवढे दिसतात. आणि लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद वाटतो, म्हणून बरेच कारागीर त्यात थोडा पांढरा मिसळतात. आम्ही मापाने काटेकोर, रंग कारखान्याच्या क्रमांकाप्रमाणे आणि थर पुस्तकाप्रमाणे असा एक दरवाजा नमुन्यादाखल केला. सगळं बरोबर होतं, आणि ते खेळण्याचं दार दिसत होतं.

प्लेटोने ‘सोफिस्ट’ या संवादात याच जागी बोट ठेवलं आहे. अनुकृती दोन प्रकारची, असं तो म्हणतो. एक मूळ प्रमाणं जशीच्या तशी राखते. दुसरी, विशेषतः मोठ्या शिल्पांत, प्रमाणं बदलते, कारण उंचावरचा भाग खालून लहान दिसतो. बघणाऱ्याला बरोबर दिसावं म्हणून ती मापाने चूक होते. प्लेटोला ही दुसरी फसवणूक वाटते. आम्ही वर्षानुवर्षं त्याची बाजू घेतली. आता घेत नाही. मोठ्या शिल्पासाठी जे त्याने नोंदवलं ते लहान मॉडेललाही लागू पडतं, आणि लहान मॉडेलने नुसती मापं पाळली तर ते गाडीबद्दल खोटं बोलतं: गाडीला चिलखत होतं, तिची दारं उघडत नव्हती, असं सांगतं. आपल्याकडे कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं येतात. त्यांत ‘प्रमाण’ हे एक अंग आणि ‘सादृश्य’ हे वेगळं अंग. दोन्ही एकच असती तर अंगं पाच झाली असती. ही वेगळी का ठेवली, याचं इतकं सोपं उदाहरण आम्हांला वर्गात कधी सुचलं नव्हतं.

आता लेव्ही-स्ट्राऊस. त्याच्यावर थोडा राग आहे, पण तो प्रेमातला. १९६२च्या ‘रानटी मन’ या त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात दोन गोष्टी शेजारी येतात. एक ‘ब्रिकोलर’, म्हणजे हाताशी असेल त्या जुन्या तुकड्यांतून काम भागवणारा माणूस. दुसरी लहान आकाराची प्रतिकृती. ब्यूकची पट्टी, लिंकनचे दिवे आणि फोर्डच्या जाळ्या जोडणारे बॅरिस म्हणजे पहिल्या गोष्टीचं चालतंबोलतं चित्र. दुसऱ्या गोष्टीबद्दल तो म्हणतो, की मोठी वस्तू समजून घ्यायला आपण तिचे भाग पाडतो, पण लहान प्रतिकृतीत संपूर्ण आधी कळतं आणि भाग नंतर. म्हणून ती आनंद देते. न्याय करायचा तर, प्रतिकृती हाताने घडवलेली असते आणि म्हणून ती वस्तूवरचा एक प्रयोग ठरते, हेही तो सांगतो. तरी मुख्य मुद्दा बघणाऱ्याचा आहे, करणाऱ्याचा नाही. करणाऱ्यासमोर डबा उघडला की प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभरेक तुकडे असतात. संपूर्ण कुठे असतं? डब्याच्या चित्रावर. आणि कस्टम करायचं म्हटलं तर तिथेही नसतं. छत किती उतरलं की पुरे, हे छत उतरल्याशिवाय दिसत नाही, आणि उतरल्यावर परत चढवता येत नाही. आमचं गणिताने बरोबर उतरलेलं छत चार दिवस विचित्र दिसत होतं. मग आम्ही गाडीच खाली बसवली, चाकं मडगार्डात लपेपर्यंत, आणि छत आपोआप जागेवर आलं. भागाने संपूर्ण ठरवलं. लेव्ही-स्ट्राऊसने जन्मात एक तरी किट जोडला होता का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

हल्ली छत आधीच कापलेलं, सांधे बुजलेले, असे मर्क्युरीचे किट मिळतात. आम्ही तसा एक जोडून पाहिला. चार दिवसांत झाला, दिसायला आमच्यापेक्षा सुबक. लहान मुलांसाठी, कापऱ्या हातांसाठी ठीक आहे. कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण टीका करायची तर स्पष्ट करावी. तो किट कस्टम गाडीला परत डेट्रॉइटची गाडी करून टाकतो. जिथे हाताने ठरवायचं होतं, तिथे साच्याने ठरवून दिलेलं. एक डबा, तीन वाटा, हा जो मोकळेपणा १९५८मध्ये होता, त्यातली कस्टमची वाट आता वाट न राहता ठिकाण झाली आहे. प्रदर्शनांतली बक्षीसपात्र मॉडेलं बघतानाही आम्हांला हेच खटकतं. काचेसारखा रंग, इंजिनाची प्रत्येक तार जागेवर. पण ती गाडी कुणी चालवेल असं वाटत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त दाखवलं, की सौंदर्याची संकल्पना दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे: एक स्वायत्त, दुसरा लौकिक जगाशी बांधलेला. कस्टम गाडी त्या ताणावरच जगते. ती शिल्प आहे, आणि तिला इंडियानापोलिसला जायचंही आहे. मॉडेल कुठेच जाणार नाही. म्हणून जाण्याची खूण त्याला मुद्दाम सांभाळावी लागते. आम्ही टायरांचे तळ थोडे घासून सपाट केलेत, गाडीचं वजन पडल्यासारखे. एवढंसंच, पण ते केल्यावर गाडी टेबलावर ठेवल्यासारखी न वाटता उभी वाटायला लागली.

मग एक अवघड प्रश्न येतो. कोणत्या वर्षीची हिरोहाता मर्क? १९५२ची, की कॅडिलॅक इंजिनाची १९५३ची? पुढे ती विकली गेली, तिचा रंग बदलला. १९५९ साली शाळकरी वयाच्या एका मुलाने पाचशे डॉलरला घेतली आणि आयुष्यभर सांभाळली. कित्येक वर्षांनी तिला मूळ रूप दिलं. २०२२च्या जानेवारीत लिलावात ती सुमारे वीस लाख डॉलरला गेली. थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न तुम्हांला माहीत आहे, परत सांगत नाही. एवढंच, की आम्ही बॉनेट चिकटवून टाकलं. इंजिन कोणतं, हा प्रश्न आत बंद आहे. पळवाट आहे, कबूल.

शेवटी दुसऱ्या एका गाडीबद्दल, कारण तिथे नमुन्याचा क्रमच उलटा झाला. एड रॉथ हा त्याच कॅलिफोर्नियातला – तिसऱ्या अर्थाने नमुना. त्याला डेट्रॉइटचा पत्रा कापण्यातही रस उरला नव्हता. प्लास्टरचा ढीग रचून हाताने आकार द्यायचा, त्यावर फायबरग्लासचे थर चढवायचे, आणि आतलं प्लास्टर फोडून काढायचं. अशी त्याने १९६१ साली ‘बीटनिक बँडिट’ केली. ती आज नेवाडातल्या रीनोच्या मोटार संग्रहालयात आहे. १९६३ साली ‘मिस्टेरियन’ केली: बुडबुड्यासारखं पारदर्शक छत, एकाच बाजूने पुढे आलेला दिवा, आणि फोर्डची दोन व्ही-८ इंजिनं शेजारी शेजारी. रेव्हेल कंपनीने दोन्हींचे किट काढले आणि अमेरिकाभर पोरांनी ते जोडले. खरी मिस्टेरियन मात्र टिकली नाही. दोन इंजिनांच्या वजनाने, प्रदर्शनांच्या ने-आणीत, तिचा सांगाडा तडकत राहिला. शेवटी तिचे भाग सुटे झाले आणि ती नाहीशी झाली. पुढे, या शतकात, काही कारागिरांनी पूर्ण आकाराची मिस्टेरियन पुन्हा उभी केली. ती करताना जुनी छायाचित्रं होती, आणि रेव्हेलचा किटही होता. प्रतिकृती प्रतिमान झाली. पोतं हरवलं आणि हातात उरलेल्या मूठभर नमुन्यावरून पुन्हा पोतं भरलं.

यात एक टोचणारी गोष्ट आहे. गॅलिलिओने १६३८मध्ये दाखवलेला नियम इथे लावून बघा. पंचविसास एक केलं की वजन उतरतं पंचवीसच्या घनाने, म्हणजे १५,६२५ पटीने. आपली दीड टनी मर्क्युरी त्याच धातूची करूनही शंभर ग्रॅमच्या आसपास येईल. पण सांगाड्याच्या दांड्याचं क्षेत्रफळ उतरतं फक्त वर्गाने, ६२५ पट. म्हणजे लहान गाडी आपल्या वजनाच्या मानाने पंचवीस पट बळकट. रेव्हेलची मिस्टेरियन कधी तडकणार नव्हती. मूळ गाडी ज्या दोषाने गेली, तो दोष मॉडेलमध्ये उतरलाच नाही, आणि तो उतरला नाही म्हणून तर रूप वाचलं. मग ते मॉडेल खरं म्हणायचं की खोटं? प्लेटोसमोर हा किट ठेवून त्याचा चेहरा बघायला आम्हांला आवडलं असतं. ज्यांनी ती पुन्हा पूर्ण आकारात बांधली त्यांच्यासमोर मात्र दोन इंजिनांचं वजन परत उभं राहिलं. सांगाडा कसा धरेल हे त्यांना प्लॅस्टिककडून शिकता येणार नव्हतं. ते त्यांनी त्यांच्या हाताने ठरवलं.

भाषणाआधी पुढच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं होतं, ‘सर, मूळच्या गाडीशी किती जुळतं?’ डाव्या बाजूचा पुढचा खांब अर्धा मिलिमीटर बाहेर कलला आहे. खऱ्या गाडीत तो अर्धा इंच होईल, आणि दादांनी तो ठेवू दिला नसता. बाजूची ब्यूकची पट्टी तारेची आहे, तिच्या शेवटाला आमचा हात हललेला दिसतो. हिरवा रंग आम्ही छायाचित्रांवरून आणि दोन वेळा बदलून ठरवला आहे.

आता ती खाली पाठवतो. हातात घ्या, हरकत नाही. डोळे मिटून बोट फिरवलंत तर बरंच. फक्त छताला धरून उचलू नका, सांधा तिथे आहे.